दोन्ही पायांचं पाणी

प्रिय किसनदादा,

काल दीपालीचा ऐरोलीहून फोन आला होता. म्हणाली, "आई, परवा तू लंगडत होतीस. काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही गं, पायाला खरचटलंय जरासं." पोरगी हळूच म्हणाली, "किसनमामासारखं खरचटलंय का?"

मी फोन ठेवून दिला. परातीत पीठ काढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

म्हणून हे लिहायला बसलेय. गेल्या थंडीत तू गेलास, तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. त्यानं काही भागत नाही. आज लिहूनच भांडते. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यात स्वभाव घाईचा, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझं डाव्या हाताचं अक्षर म्हणजे चिखलातनं कोंबडी गेल्यासारखं, असं मी इतकी वर्षं तुला म्हणत आले. आता घे फेड करून.

आमच्या घरात 'मामासारखं खरचटलं' ही म्हणच झालीय, ते तुला ठाऊक होतं का? दीपाली लहानपणी गुडघा फोडून यायची आणि काही नाही म्हणायची. मग तिचे बाबा विचारायचे, "खरंच काही नाही, की मामासारखं?" लढाईत तुझा उजवा हात कोपराच्या वरून गेला, आणि तू घरी कळवलंस, हाताला खरचटलंय. एवढं मोठं खोटं एवढ्या लहान शब्दात दुसऱ्या कुणी बसवलं नसेल.

आता माझं. तुझ्यासारखी घोळवत बसत नाही, सांगून टाकते. मला साखर आहे ते तुला माहीत होतं. भाकऱ्यांच्या धंद्यात दिवसभर शेगडीपुढे उभी असते मी. पावसाच्या आधी एकदा तापलेला तवा खाली ठेवताना पायाला टेकला आणि मला कळलंसुद्धा नाही. वास आला तेव्हा खाली बघितलं. आता डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलंय. डॉक्टर म्हणतो, काढायला पाहिजे. जेवढं थांबाल तेवढं वर चढेल, मग पाऊलही राहणार नाही. म्हणाला, घरचं कुणीतरी घेऊन या. मी म्हटलं, घरचं कुणी नाही.

त्यानंतर मी दवाखान्यात गेलेच नाही. घरातसुद्धा मोजे घालून फिरते. जुईनगरच्या उकाड्यात मोजे. शेजारीण म्हणाली, "काय वनिता, काश्मीरला निघालीस का?"

तेव्हा मला तुझी चादर आठवली.

तुम्हा जखमी जवानांना ठेवलं होतं तो शेठचा बंगला आता नाही दादा. आपल्या टेकडीवर टॉवर झालेत. मी तिथे ऑर्डरच्या भाकऱ्या पोचवायला जाते. वॉचमन वहीत नाव लिहून घेतो, कुठून आलात विचारतो. मी मनात म्हणते, इथूनच आले रे बाबा, तुझ्या खुर्चीखाली आमची चूल होती. वरच्या मजल्यावरून खाडी दिसते, तेवढीच काय ती जुनी.

शेठनं तो बंगला हवा खायला बांधलेला. वर्षातले थोडे दिवस शेठ, बाकी सगळं वर्ष माझी आये आणि मी. झाडायचं, पुसायचं, खिडक्या उघडायच्या, परत लावायच्या. गावातल्या जमिनी गेल्या होत्या, मिठागरं बंद पडली होती, म्हणून आयेनं हे काम धरलं होतं. मग कारगिलची लढाई लागली आणि शेठनं बंगला मिलिट्रीला वापरायला दिला. मोठ्या दवाखान्यात ज्यांचं कापून-शिवून झालंय, पण अजून घरी पाठवण्याजोगे नाहीत, असे जवान इथे आणायचे. आयेकडे स्वयंपाक आला, माझ्याकडे चादरी.

आठवतो का तुला तो मोठा हॉल? शेठच्या आजोबांनी मारलेल्या हरणाची शिंगं भिंतीवर होती, त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. बिलियर्डच्या टेबलावर मी चादरींना इस्त्री करायचे. हिरवं कापड जळेल म्हणून खाली गोधडी घालायचे, तरी एका कोपऱ्यात जळलंच. झुंबराखाली सगळ्यात उंच माणसाची खाट, कारण बाकी कुठे ती मावेना. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर तुम्ही सगळे एका रांगेत बसायचात, कुणाला एक पाय, कुणाला एक डोळा, आणि भरतीचं पाणी बघत बसायचात. तुमच्यातल्या निम्म्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. खाडीलाच समुद्र म्हणायचे. आम्ही म्हणू दिलं.

तू आलास तो दिवस मला स्वच्छ आठवतो. गाडीतून एकेक जण उतरवत होते आणि आये दारात आडवी उभी. एका हातात तांब्या, एका हातात भाकरीचा तुकडा. लांबून, संकटातून माणूस दाराशी आलं की पायावर पाणी घालायचं, तुकडा ओवाळून टाकायचा, मगच आत घ्यायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी सोडायला सांगितलं तर तिनं सोडलं नसतं. मिलिट्रीची सिस्टर ओरडत होती, "अम्मा, हटो, इन्फेक्शन हो जाएगा."

आये म्हणाली, "पानी उकलवून थंड केलाय. तुझ्या सुईपेक्षा सोच्छ हाय."

तुझ्या पुढे तो गढवाली होता, दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले. स्ट्रेचर आयेपुढे आलं आणि सगळे थबकले.  मला वाटलं, आता आये बाजूला होईल. तिनं स्ट्रेचरच्या त्या मोकळ्या भागावर तांब्या धरला आणि पाणी घातलं. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं. पाय असते तिथेच. गढवाली मान उचलून बघत होता. मी नंतर चिडून विचारलं, "आये, पाय नव्हते त्याला. दिसत नव्हतं तुला?"

"दिसत व्हता," ती म्हणाली. "त्याच्या वाट्याचा पानी हाय तो. पाय गेले म्हनून पानी कापायचा का?"

मग तू. तू चालत आलास, पाय तुझे धड होते. पण खांद्यापासून चादर गुंडाळलेली. आयेनं पाणी घातलं, तू वाकून नमस्कार केलास, आणि तेवढ्यातही चादर सरकू दिली नाहीस. तेव्हाच मला राग आला होता तुझा.

चादर धुणारी मी. सगळ्यांची रोज सकाळी निघायची, तुझी निघायची नाही. उकाड्यानं माणसं उघडी पडलेली आणि हा साताऱ्याकडचा गडी गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन. जेवतानासुद्धा डावा हात चादरीतून चोरासारखा बाहेर यायचा आणि घास घेऊन परत आत. मी आरसा पुसत असले की तू तोंड भिंतीकडे करायचास. मी म्हटलं, "हात गेलाय, नाक नाही. बघ की आरशात." तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

तुझं काय चाललं होतं ते मला पुढे कळलं. घरी जायचंच नाही, असं तू ठरवून टाकलं होतंस. वहिनीला लग्न होऊन दोन वर्षं झाली नव्हती. तू मला सांगितलंस ना व्हरांड्यात, कॅरमच्या सोंगट्या लावता लावता, "इकडंच कुठंतरी चिकटंन. महिन्याला पैसं पाठवीन. पर हे असलं घिऊन तिच्यासमोर न्हाई जायचं." मी म्हटलं, "आणि तिनं काय करायचं?" तर म्हणालास, "तिला काय ठावं न्हाई, मग तिला दुःख न्हाई." मी म्हटलं, "वा रे शहाणा." आणि तुझी राणी घेतली.

घरी कळवायचं तर होतं. पण डाव्या हातानं तुला लिहिता येईना, दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर अक्षर तुझं नाही हे वहिनीनं ओळखलं असतं. मग तुझ्या डोक्यातून ती कॅसेट निघाली. शेठचा टेपरेकॉर्डर होता, सिस्टरनं कोरी कॅसेट दिली. तू खोकून घसा साफ केलास आणि सुरू झालास. आईला नमस्कार, सगळ्यांना नमस्कार, मी मजेत आहे, हाताला थोडं खरचटलंय, सुट्टी इतक्यात मिळत नाही, पोस्टिंग आणखी लांब पडणार आहे. मी मागे माझ्या कामाला लागलेली. मला काय माहीत, ते यंत्र काय काय ऐकतं ते? आपल्या दोघांनाही वाटत होतं, ज्याच्या तोंडापुढे धरलंय त्याचंच त्यात जातं. ती परत लावून ऐकायचं ना तुला सुचलं ना मला. मीच पाकिटामागे इथला पत्ता लिहून ते पोस्टात टाकून आले.

त्यात काय गेलं होतं, ते वहिनीनं पुढे मला शब्दाशब्दानं म्हणून दाखवलं. दीपालीला तर ते पाठ आहे. तू म्हणतोयस, "सुशीला, तुझी लई आठवण येते." आणि मागून माझा आवाज, ठणठणीत:

"ए मिलिट्री, काढ ती चादर."

मग तुझा, दबका: "थांब गं. आत्ता नको. बायकोशी बोलतोय."

आणि मग पुन्हा मी: "रोज रोज काय लाजतोस माझ्यासमोर? बायको काय बघायला येतेय?"

तुझ्या गावात ती कॅसेट ओसरीवर लावली होती. लढाईवरून आलेला आवाज म्हणून अख्खी आळी ऐकायला जमलेली. तुझी आई, चुलते, शेजारपाजार. कॅसेट संपल्यावर एक म्हातारी तेवढी म्हणाली म्हणे, "पोरगी कामाची दिसतीय."

आपल्याला इकडे पत्ताच नाही. मध्ये नारळी पौर्णिमा आली. गावातल्या बायका खाडीवर नारळ सोडून आल्या आणि आयेनं मला आणि चार पोरींना बंगल्यात पाठवलं, सगळ्या जवानांना राख्या बांधायला. रांगेनं बांधत बांधत मी तुझ्या खाटेशी आले. तू डावा हात काढलास.

"राखी डाव्या हाताला बांधतात का?" मी विचारलं.

"मग ऱ्हाऊ दे."

"राहू दे कशाला? तिकडे बाकीचे खोळंबलेत."

आणि मी चादर ओढली. तुला विचारलं नाही, सिस्टरला विचारलं नाही. आज कुणी माझे मोजे तसे ओढले तर मी त्याला सोडणार नाही. पण तेव्हा तू काही केलं नाहीस, नुसता बसून राहिलास. दंड होता, आणि दंडाच्या टोकाला पट्टी. बस. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी भयंकर होतं. चादरीखाली ते कितीतरी मोठं वाटायचं.

राखीचा दोरा मनगटाच्या मापाचा, दंडाला पुरेना. मी वेणीची रिबीन सोडली, दोऱ्याला गाठ मारली आणि बांधली.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मग रडतोस कशाला?"

"रडत न्हाई. घाम आलाय."

"चादर घेऊन बसल्यावर घाम येणारच," मी म्हटलं, आणि पुढच्या खाटेकडे गेले. मागे वळून बघितलं नाही. माझंही नाक वाहायला लागलं होतं.

त्या दिवसापासून तू दादा. त्यानंतर दरवर्षी राखी आणली की मी तिला दोरा जोडायचे. दुकानदार विचारायचा, ताई, एवढा लांब कशाला? मी म्हणायचे, माझ्या भावाचं मनगट वर आहे.

आणि थोड्याच दिवसांनी वहिनी आली. भावाला घेऊन, डोक्यावर पदर घट्ट, हातात लाडवाचा डबा. सिस्टर पुढे झाली, "किसकी वाईफ?" वहिनी म्हणाली, "ते मागनं बघू. आदी मला सांगा, ती चादरवाली कुठाय? बघायला येतीय का इच्यारत हुती न्हवं? आलेय बघायला."

मी नेमकी जिन्याच्या पायथ्याशी. दोन्ही हातांत चादरींचा ढीग. लपू म्हटलं तर लपायला जागा नाही आणि हातात पुरावा.

आये मधे आली. तांब्या घेऊनच. "कोन गो तू?"

"किसनची बायको हाय मी."

"मंग पयले पाय पुढं कर. लांबून आलीस. भांडन काय पलून जात नाय."

वहिनी तणतणत होती, पण तिनं पाय पुढे केले. आयेनं पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, तोंडावरून हात फिरवला. तापून आलेल्या बाईच्या पायांवर थंड पाणी पडलं की तिचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी त्या दिवशी बघितलं. "आता जा," आये म्हणाली. "डावीकरची तिसरी खाट."

तू तिला दारात बघितलंस आणि काय केलंस? चादर ओढलीस गळ्यापर्यंत. राखीनंतर ती जरा खाली आली होती, ती परत वर.  कॅरमची सोंगटी कुणाच्या तरी बोटाखाली तशीच.

वहिनी खाटेशी उभी राहिली. म्हणाली, "काढा ती चादर."

तू काढलीस. ती बघत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण माझे हात चादरींच्या ओझ्यानं भरून आले.

"ह्येच का खरचटलेलं?"

"व्हय."

"एवढंच न्हवं? बाकी समदं हाय?"

"हाय."

"मला वाटलं तुमी बाई ठिवली," वहिनी म्हणाली, आणि खाटेच्या कडेला बसून मोठ्यानं रडायला लागली.

गढवाल्यानं शेजारच्याला विचारलं, "भाभी क्या बोली?" त्यानं सांगितलं. आणि मग तो हॉल जो हसला दादा. शिंगांवरच्या बाटल्या हलल्या. सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसत होती. वहिनी रडता रडता हसायला लागली, तू हसलास. तोवर तुझे दात कसे आहेत ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी व्हरांड्यात ती तुला काय बोलली, ते मी चहा घेऊन येताना ऐकलं. ती म्हणाली, "हात गेल्याचं मी नंतर रडीन. आदी एक सांगा. मला का न्हाई सांगितलं? मी परकी हाय का?"

तू म्हणालास, "वाटलं, तू सोडून जाशील."

"म्हणून तुमीच मला सोडायचं ठरीवलं व्हय?"

  मी चहा तिथेच ठेवून मागे फिरले.

निघायच्या दिवशी आयेनं सगळ्यांसारखं तुझ्यासाठी दही आणलं. दही घ्यायचं ते उजव्या तळव्यावर. तू डावा पुढे करायला लागलास आणि लाजून मागे घेतलास. आयेनं सरळ चमचा तुझ्या तोंडात घातला, लहान पोराला भरवावं तसा. "जा," म्हणाली, "आता घरातल्या बाईला सगला दाखव. लपवलेली जखम सडते."

पुढे माझ्या लग्नात मला सख्खा भाऊ नाही म्हणून तू आलास कान पिळायला. डाव्या हातानं नवऱ्याचा कान असा पिळलास की हे ओरडलेच. जन्मभर सांगायचे, तुझ्या भावाच्या एका हातात दोन हातांचं बळ उतरलंय. दीपालीच्या लग्नात भाचेजावयाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, कानाकडे तू नुसतं बघितलंस तर तो बिचारा मागे सरकला. किती हसलो आपण. शेती केलीस, ट्रॅक्टर चालवलास, पोरं शिकवलीस, तो अर्धा हात सगळ्या गावासमोर उघडा टाकून फिरलास. मला वाटायचं, माझ्या दादाची चादर त्या दिवशी हॉलमध्ये पडली ती पडलीच.

मग काय झालं तुला? सांग ना. म्हातारपण आलं म्हणून का? दिवाळीपासून तुझ्या छातीत दुखत होतं. वहिनीला म्हणालास, पित्त झालंय. पोरांना म्हणालास, गॅस आहे. मला फोनवर म्हणालास, "वने, मी एकदम ठणठणीत." आणि शेताच्या बांधावर बसलास तो उठलाच नाहीस. नंतर डॉक्टर म्हणाला, आधी आणलं असतं तर वाचले असते. हे वाक्य वहिनीला रोज ऐकू येतं, तुला कल्पना आहे का?

दहाव्याला मी आले होते. वहिनी माझ्या गळ्यात पडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांनी परत चादर वढून घेतली गं वनिता. आणि ह्या खेपेला मला कळलंच न्हाई."

हाच माझा राग आहे तुझ्यावर. हात गेला तेव्हा तुला धाक होता, बायको बघेल काय म्हणून. छातीत दुखलं तेव्हा कसला धाक होता? इतक्या वर्षांच्या संसारात ती परकी राहिली होती का? का नुसतीच लाज, की आता माझं करावं लागेल सगळ्यांना?

हे लिहिताना माझा हात थांबला. कारण हे मी तुला विचारतेय आणि माझे मोजे माझ्या पायात.

मलाही हेच वाटतं दादा. दीपालीला नोकरी आहे, लहान पोर आहे, सासू आहे. आई लंगडी झाली की आई ओझं झाली. आयुष्यभर सगळ्यांच्या चादरी मी ओढल्या, माझी कुणी ओढलेली मला चालत नाही. खरं हे आहे. डॉक्टरला घरचं कुणी नाही म्हणाले, तेव्हा मी तुझ्यासारखीच बोलत होते. तिला ठाऊक नाही, मग तिला दुःख नाही. वा गं शहाणी.

थांब जरा. उठते.

आले. सांगते काय झालं ते.

फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिनं.

"काल फोन का कट केलास?"

"रेंज गेली."

"आई."

तिनं नुसतं आई म्हटलं, आणि मी जे जे ठरवलं होतं ते सगळं गेलं. मी म्हटलं, "हो. मामासारखं."

ती म्हणाली, "व्हिडिओ लावते. मोजे काढ."

मी म्हटलं, "कामावर आहेस ना तू, नंतर बघ."

"आई, काढ ते मोजे."

काढले. फोन खाली धरला. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला माझा पाय दिसत होता. पलीकडे ऑफिसातला कुणी तरी तिला काहीतरी विचारत होता, तिनं त्याला उत्तर दिलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी. मग तिचा आवाज आला, जरा फाटलेला:

"एवढंच ना? बाकी सगळं आहे?"

वहिनीचे शब्द. लहानपणापासून मामाची गोष्ट ऐकून ऐकून पाठ झालेले. मी त्या गोष्टीवर तिला किती वेळा हसवलं होतं, पण खाटेवर बसून हे ऐकणाऱ्या माणसाला काय वाटतं, ते मला आज कळलं. माझ्या तोंडून आयेच्या बोलीतला शब्द निघाला. "हाय," मी म्हटलं.

"मी निघाले," ती म्हणाली. "उद्या सकाळी दवाखाना. आणि घरचं कुणी नाही असं डॉक्टरला सांगितलं असशील ना तू? मला माहितेय. ते मी बघते तुझ्याकडे."

बघू दे. आता भ्यायचं काय राहिलंय?

तर दादा, आता ऐक. तुला शब्द देते, आणि मी शब्द दिला की पाळते, हे तुला ठाऊक आहे. उद्या पाय दाखवते. जे काढायचं ते काढू दे, दोन बोटं तर दोन बोटं, जास्त तर जास्त. खाली मान घालून घरात बसणार नाही, मोजे परत घालणार नाही. हिंडाय-फिरायला लागले की तुझ्या गावाला येईन. यंदाची राखी मी सवयीनं आणली होती, दोरासुद्धा जोडला होता, मग डब्यात ठेवून दिली. ती वहिनीच्या हाताला बांधीन. तिच्या मनगटाला चार वेढे बसतील, बसू देत.

आणि वहिनीला आधी फोन करून सांगीन, दारात तांब्या भरून ठेव. आये नाही, आता तू घाल. जेवढा पाय राहिला असेल त्याच्यावर घाल, आणि जेवढा गेला असेल त्याच्या जागेवरपण घाल. दोन्ही पायांचं पाणी घेतल्याशिवाय मी तुझा उंबरा ओलांडणार नाही. माझ्या वाट्याचं आहे ते.

जिन्यात पावलं वाजतायत. पोरगीच असणार, तिला पायऱ्या दोन-दोन चढायची सवय आहे.

येते.

तुझी,
वनी